बायकोची सही : पेडणे-डिचोलीतल्या अर्ध्या वाट्याचा इतिहास

गोव्यातल्या जुन्या खरेदीखतात विकणारा विवाहित असेल, तर त्याच्या नावामागे 'आणि त्याची पत्नी' असे शब्द येतात आणि मग तिचे नाव. पोर्तुगीज दस्तांत याच जागी 'ए सुआ मुल्येर' असे लिहिलेले असे. दस्त माडांच्या भाटाचा असो, कुळागराचा असो की राहत्या घराचा, तळाशी तिची सही किंवा अंगठा असावाच लागे. ही औपचारिकता नव्हे. गोव्याच्या कायद्याने विवाहित स्त्रीला नवऱ्याची वारस होण्याच्या आधी मालमत्तेची अर्धी मालकीण मानले आहे. विधवेचे संरक्षण त्या मालकीवर उभे आहे, आणि तिला फसवण्याचे बहुतेक मार्ग त्या सहीभोवती फिरतात. सही टाळायची, खोटी करायची, नाहीतर कागदात काय आहे ते न सांगता घ्यायची.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ही सही उशिरा पोचली. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी या जुन्या काबिजादींवर पोर्तुगीज अंमल सोळाव्या शतकापासून होता. डिचोली, म्हणजे त्या वेळचा भतग्राम महाल, पोर्तुगीजांनी १७८१ मध्ये घेतला. सत्तरीही त्याच सुमारास गेली. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून त्यांच्या ताब्यात आले. या नव्या काबिजादींत राज्यकर्त्यांनी धोरण बदलले. देवळे पाडण्याचा आणि माणसे बाटवण्याचा काळ मागे पडला होता. लोकांचे रीतिरिवाज, देवस्थाने आणि वतने यांना हात लावणार नाही, अशी हमी दिली गेली. परिणामी सत्ता लिस्बनची, पण लग्न, दत्तक, वाटणी आणि वारसा यांचा व्यवहार गावच्या चालीप्रमाणे, असा दुहेरी कारभार सुमारे शंभर वर्षे चालला. घरातले आणि देवस्थानचे कागद मराठीत, मोडीत लिहिले जात. सरकारलाही ते मान्य करावे लागे.

या चालीरीती एकत्र करून १८५३ मध्ये नव्या काबिजादींच्या रहिवाशांसाठी रीतिरिवाजांची संहिता काढण्यात आली. १८६१ मध्ये नव्या गोव्याच्या सरकारी छापखान्यातून ती पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. ज्यांच्यासाठी ती होती त्यांची कारभाराची भाषा मराठी होती, हे राज्यकर्त्यांनी अशा रीतीने स्वतःच्याच छापखान्यात कबूल केले.

त्या चालींत विधवेचे स्थान देशावर किंवा कोकणात होते त्याहून फार वेगळे नव्हते. मालमत्ता कुटुंबाची, कुटुंब पुरुषांचे. एकत्र कुटुंबातला पुरुष वारला की त्याचा हिस्सा भावांत आणि मुलग्यांत मिसळून जाई, आणि विधवेला राही ते अन्नवस्त्र. मुलगा नसेल तर दत्तक घेऊन घर चालू ठेवता येई, पण दत्तकावर भाऊबंदांची नजर असे. नवऱ्याने जमीन विकायची ठरवली तर तिला विचारण्याचा प्रश्न नव्हता. फसवणुकीला आधी फसवण्याजोगा हक्क लागतो, आणि या विधवेचा हक्क जेवणाच्या ताटापुरता होता.

जुन्या काबिजादींत मात्र वेगळीच परंपरा रुजत आली होती. १६०३ पासून लागू असलेल्या फिलिपी अध्यादेशांच्या चौथ्या पुस्तकातले ४६ वे प्रकरण नवरा-बायकोला आपल्या मालमत्तेचे अर्धे अर्धे भागीदार मानते. त्याच पुस्तकाचे ४८ वे प्रकरण बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याने स्थावर विकू नये असे सांगते. अशा अर्ध्या भागीदाराला पोर्तुगीजमध्ये 'मेएरु' म्हणतात आणि स्त्री असेल तर 'मेएरा'. हा हक्क दयेपोटी दिलेला नव्हता. लग्न म्हणजे दोघांनी आपापली मिळकत एका ताटात ओतणे, ही त्यामागची कल्पना होती.

पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता व्हिस्कोंद द सियाब्रा या कायदेपंडिताने रचली. जुन्या अध्यादेशांतला हा धागा तिने नव्या भाषेत पुढे नेला. १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकुमाने ती समुद्रापलीकडच्या वसाहतींना लावण्यात आली आणि १ जुलै १८७० पासून अंमलात आली. हुकुमात एक अपवाद राखून ठेवलेला होता. नव्या काबिजादींच्या, तसेच दमण आणि दीवच्या रहिवाशांचे रीतिरिवाज जेथे संहितेशी जुळत नाहीत, तेथे ते अबाधित राहणार होते. पुढे १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांची वेगळी संहिता आली आणि अपवादाची सीमा तिने आखली.

या १८८० च्या संहितेचे स्वरूप दुटप्पी आहे. धर्मविधीने लागलेल्या हिंदू लग्नाला तिने दिवाणी परिणाम दिले. दत्तक आणि एकत्र कुटुंब यांना तिने जागा ठेवली. ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही, तर काही अटींवर पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभाही तिने दिली. गोव्याच्या 'समान नागरी कायद्या'चे कौतुक करताना हे कलम सहसा कुणी वाचून दाखवत नाही. पण ज्या बाबतीत ती गप्प होती, तिथे सियाब्रांची संहिता लागू होत होती. लग्नाने होणाऱ्या मालमत्तेच्या सामाईकीकरणाबाबत ती गप्पच राहिली. त्या मौनातून पेडणे आणि डिचोलीच्या हिंदू घरांत अर्धा वाटा शिरला. कुणी दवंडी पिटून तो आणला नाही.

आता त्या वाट्याचे यंत्र कसे चालते ते पाहू. लग्नापूर्वी नोंदलेला करार नसेल, तर लग्न 'देशाच्या रिवाजाप्रमाणे' झाले असे संहिता धरते (कलम १०९८), आणि रिवाज म्हणजे आजची व पुढची सगळी मालमत्ता दोघांच्या सामाईकीत (कलम ११०८). नवऱ्याला बापाकडून आलेले भाट, बायकोला माहेरकडून आलेली शेती, लग्नानंतर घेतलेले घर, सगळे त्या एकाच गाठोड्यात जाते. कारभार नवऱ्याकडे राहतो (कलम १११७). पण स्थावर विकायचे किंवा गहाण टाकायचे असेल तर दोघांची संमती हवी (कलम १११९). तशी संमती न घेता केलेला व्यवहार तिला किंवा तिच्या वारसांना न्यायालयात रद्द करून घेता येतो.

नवरा वारला की पहिली गोष्ट घडते ती गाठोडे सोडण्याची. अर्धे तिचे बाजूला निघते. हा वारसा नव्हे. ते आधीच तिचे होते, फक्त मिसळलेले होते. उरलेला अर्धा भाग म्हणजे मयताची 'इस्टेट'. समजा दोघांची एकूण मिळकत १६ लाखांची आहे. ८ लाख तिचे. उरलेल्या ८ लाखांतले ४ मुलांना कायद्याने मिळायलाच हवेत. तो त्यांचा राखीव हिस्सा, पोर्तुगीजमध्ये 'लेजितिमा'. मृत्युपत्राने मयताला हवे तसे देता येतात ते शेवटचे ४. मूळ संहितेत हा राखीव हिस्सा दोन तृतीयांश होता. पोर्तुगालात राजेशाही गेल्यानंतर ३१ ऑक्टोबर १९१० च्या हुकुमाने तो अर्ध्यावर आला. म्हणजे रागाच्या भरात किंवा कुणाच्या नादी लागून नवऱ्याने सगळे दुसऱ्याच्या नावे करायचे म्हटले, तरी मृत्युपत्राची धाव चौथाईपर्यंतच.

वारसांच्या ओळीत मात्र विधवा मागे उभी होती. मूळ संहितेत (कलम १९६९) आधी वंशज, मग आईबाप आणि वरचे पूर्वज, मग भावंडे व त्यांची मुले, आणि चौथ्या क्रमांकावर जिवंत राहिलेला जोडीदार. सावंतवाडीकडच्या वाचकाला हे उफराटे वाटेल. पण त्याची भरपाई पहिल्याच पायरीवर झालेली असे, कारण अर्ध्याची मालकी ओळीत उभे राहून मिळत नाही. शिवाय उत्पन्नाचे साधन नसलेल्या विधवेला मयताच्या मालमत्तेच्या उत्पन्नातून पोटगी मागता येई.

कायदा लिहिणाऱ्यांनी लबाडीचे मार्गही ओळखून ठेवले होते. आईबापांनी एका मुलाला जमीन 'विकली' की ती विक्री नसून लपवलेले दान असते, हा अनुभव जुना होता. म्हणून मुलाला किंवा नातवाला विकायचे किंवा गहाण द्यायचे तर बाकीच्या मुलांची संमती लागे (कलम १५६५). विवाहित पुरुषाने ठेवलेल्या बाईला दिलेले दान निरर्थक, आणि ते रद्द करून घेण्याचा अधिकार दुखावलेल्या पत्नीला किंवा तिच्या हक्काच्या वारसांना (कलम १४८०). जिवंत माणसाच्या वारशावर आधीच पाणी सोडता येत नाही. म्हणून सुनेकडून 'सासऱ्यांच्या मालमत्तेवर माझा हक्क नाही' असे लिहून घेतलेला कागद सासरा हयात असेपर्यंत कवडीमोल. नवऱ्याने एकट्याने काढलेल्या कर्जाचा बोजाही साधारणपणे त्याच्याच अर्ध्यावर टाकायचा, हे तत्त्वही संहितेत होते. बनावट सावकार उभा करून सगळे घर विकायला लावण्याची युक्ती त्यामुळे निम्मी तरी बोथट झाली.

सगळ्यांत मोठी सोय मृत्यूनंतरच्या प्रक्रियेत होती. वाटणीच्या या न्यायालयीन कामाला गोव्यात 'इन्व्हेंटरी' म्हणतात. ती चालवणारा कुटुंबप्रमुख म्हणजे 'काबेसा द काझाल', आणि या जागेवर पहिला मान जिवंत राहिलेल्या जोडीदाराचा. सावंतवाडीत दीर किंवा मोठा मुलगा कागद हातात घेई. पेडण्यात कायद्याच्या दृष्टीने तो कागद विधवेच्या हातात होता. शपथेवर सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची, वारसांची नावे सांगायची, मूल्यांकन करून घ्यायचे. मग वारसांत आपसात बोली लागते, हिस्से ठरतात, कोणाला काय गेले त्याचा तक्ता बनतो. जाणूनबुजून मालमत्ता लपवणाऱ्याला त्या लपवलेल्या वस्तूवरचा स्वतःचा हक्क गमवावा लागे. त्यात विधवेचीही सुटका नव्हती. फसवणूक तिच्याविरुद्धच होते असे नाही, ती तिच्याकडूनही होऊ शकते, हे संहितेला ठाऊक होते.

कागदावरचे हे सगळे खरे असले, तरी पेडणे-डिचोलीतल्या घरांत ते कितपत उतरले हा वेगळा प्रश्न आहे. नोटरीचा दस्त पोर्तुगीजमध्ये, हिशेब मोडीत, आणि बाईला दोन्ही येत नाही. सही न येणाऱ्याच्या वतीने, त्याच्याच विनंतीवरून दुसऱ्याने सही करण्याची 'आ रोगो' पद्धत अधिकृत होती. विनंती कोणी केली, काय समजावून सांगितले, याची साक्ष तिथे हजर असलेले सांगत, आणि हजर असलेले बहुधा नवऱ्याच्या गोतावळ्यातले. संमतीचा कायदा इथे अक्षरशः अर्धा राहिला. संमतीच्या त्या दोन-तीन ओळी कुणाच्या हाताने लिहिल्या जातात यावर अर्ध्या घराचे भवितव्य ठरे.

दुसरी अडचण लग्नाच्या नोंदीची. प्रजासत्ताक आल्यानंतर नागरी नोंदणी घट्ट झाली. लग्न म्हणजे निबंधकापुढे जाऊन इरादा नोंदवायचा, मुदत उलटली की पुन्हा जाऊन सही करायची. गोव्यातले लोक आजही याला 'सह्या करणे' म्हणतात, आणि मंडपातल्या लग्नाआधी किंवा नंतर 'सह्या झाल्या का?' असे विचारतात. खेड्यातल्या घरांत मंगळाष्टके झाली की लग्न झाले असे मानले जाई आणि सह्या राहून जात. नवरा गेल्यावर मात्र भाऊबंद हाच धागा ओढत. ही बायको होती कशावरून? दाखला कुठे आहे? अर्ध्या मालकीचा एवढा पक्का कायदा एका न केलेल्या फेरीपायी निकामी होई.

आणि तिसरी, बहुधा सगळ्यांत मोठी : ज्याचा अर्धा करायचा ती जमीनच घरात नव्हती. पेडण्यात मोठ्या जमिनी देशप्रभूंच्या. त्यांचा मान इतका, की पोर्तुगीजांनी त्या घराण्याला व्हिस्कोंद हा किताब दिला. कुळांच्या पोरीबाळींच्या दृष्टीने अर्ध्या वाट्याचा कायदा म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली खीर होती. डिचोलीतल्या मये गावाची कथा याहून चमत्कारिक आहे. ते गाव एका पोर्तुगीज काउंटच्या इस्टेटीचे. १९६१ नंतर मालक पोर्तुगालमध्ये राहिल्याने सरकारने १९६४ च्या कायद्याखाली ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली. गावकरी पिढ्यान्पिढ्या तिथेच घरे बांधून, जमीन कसून राहिले, पण ती त्यांच्या नावावर नव्हती. २०१४ च्या कायद्याने ती गुंतागुंत सोडवण्याचा मार्ग मोकळा केला, तोवर पन्नास वर्षे उलटली होती. त्या काळात मयेत जी बाई विधवा झाली, तिच्या अर्ध्यात घराचा वापर होता, मालकी नव्हती.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. पोर्तुगालमध्ये मात्र १९६७ पासून नवी दिवाणी संहिता आली आणि लग्नानंतर कमावलेलेच सामाईक, असा नवा नियम झाला. लिस्बनच्या बाईला मिळेनासे झालेले पूर्ण सामाईकीकरण डिचोलीच्या बाईकडे राहिले, कारण डिचोली त्या देशाचा भाग उरली नव्हती.

तेरेखोल नदीने याच काळात एक सीमा दाखवली जी नकाशावर सहज दिसत नाही. पलीकडे आरोंदा, सातार्डा ही गावे. इकडची मुलगी तिकडे दिलेली, तिकडची इकडे आणलेली, देवही एकच. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ च्या कायद्याने विधवेला हयातीपुरता हिस्सा मिळाला होता, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलाच्या बरोबरीने पूर्ण मालकीचा वाटा मिळाला. पण मृत्युपत्र नसेल तरच. स्वकष्टार्जित मालमत्ता नवऱ्याने हयातीत विकून टाकली किंवा मृत्युपत्राने पुतण्याला दिली, तर आरोंद्याच्या बाईला हातावर हात देऊन बसण्यावाचून उपाय नव्हता. पेडण्याच्या बाईला, कागदावर तरी, विक्रीलाही आडवे येता येई आणि मृत्युपत्रालाही. हिंदू उत्तराधिकार कायदा गोव्यात कधी आणला गेला नाही. एकाच आडनावाच्या, एकाच कुळाच्या दोन बहिणी नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या विधवा होत होत्या.

मुक्तीनंतरचा जमिनीचा कारभार मात्र हिंदुस्थानी पद्धतीने बांधला गेला, आणि त्यातच पुढच्या फसवणुकीचे बीज पडले. १९६५ मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा भारतीय कायदा लागू झाला. १९६८ चा जमीन महसूल कायदा आला, त्याखाली सर्वेक्षण झाले आणि सत्तरच्या दशकात 'फॉर्म एक-चौदा' हा जमिनीच्या नोंदीचा उतारा घरोघर पोचला. त्यात कब्जेदाराच्या रकान्यात एकच नाव लिहिण्याची सवय पडली. ते नाव घरातल्या पुरुषाचे. लग्नाने अर्ध्याची मालकीण झालेली बाई हा उतारा पाहून कुठे दिसेना. कायद्याने उताऱ्यातली नोंद खरी धरायची, उलटे सिद्ध होईपर्यंत. तलाठ्यापुढे किंवा मामलेदारापुढे उलटे सिद्ध करण्याचा भार म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या बाईने पोर्तुगीज संहितेची कलमे मराठीत समजावून सांगायची.

त्याच सुमारास पेडणे-डिचोलीत मालकांची संख्या एकाएकी वाढली. तेव्हाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर मूळचे पेडण्याचे. त्यांच्या काळात १९६४ चा कूळ कायदा आला. पुढे शशिकला काकोडकरांच्या काळात, २० एप्रिल १९७६ पासून, दुरुस्तीने कुळाला जमिनीचा मानीव मालक ठरवले. ज्या घरात आजवर नावाला जमीन नव्हती, तिथे नावावर जमीन आली आणि त्याबरोबर अर्ध्या वाट्याचा प्रश्न आला. कूळ म्हणून नोंद नवऱ्याची. तो गेला की दस्तऐवज मुलग्यांच्या नावावर, आणि आईच्या नावाचा शोध लागायचा तो जमीन विकताना ग्राहकाच्या वकिलाने हटकले तर.

या काळातल्या फसवणुकीचे प्रकार फारसे वेगळे नाहीत, त्यांना तांत्रिक शहाणपण तेवढे चढले. एका प्रकारात नोटरीकडे उत्तराधिकार दस्त करताना विधवेला गाळायचे. मयत अविवाहित होता किंवा पत्नी आधीच वारली असे लिहायचे. दुसऱ्यात, नवऱ्याने हयातीत दिलेले कुलमुखत्यारपत्र तो गेल्यावरही वापरायचे. असे पत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, पण दस्तात मृत्यूची तारीख कुणी लिहीत नाही. तिसऱ्यात 'हक्कसोड' घ्यायचा. इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. वारसा नाकारला तरी सामाईकीतला अर्धा भाग नाकारला जात नाही, कारण तो वारसाच नव्हे. मुलगे आईला 'तू सही कर, सगळे आपल्याच घरात राहणार आहे' असे सांगून घेतात ते वारसाहक्काचे सोडपत्र. त्याखाली अर्धी मालकीही गेली असे समजून पुढे विक्री होते, आणि ग्राहक गोव्याबाहेरचा असेल तर त्यालाही ते खरे वाटते. चौथा प्रकार जुन्या तारखेचा. मयताने वीस वर्षांपूर्वीच विकले होते असा दस्त बाहेर काढायचा. पुरावा मागितला की उत्तर तयार : मूळ प्रत वहीत आहे.

अर्ध्या वाट्याचा एक परिणाम केंद्र सरकारच्या प्राप्तिकर खात्यालाही मान्य करावा लागला. नवऱ्याचे उत्पन्न त्याचे एकट्याचे म्हणायचे की दोघांचे, यावर बराच वाद झाला. अखेर १९९४ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ५-अ कलम आले. गोव्यातल्या सामाईकीकरणाखालच्या जोडप्याचे घरभाडे, भांडवली नफा, धंद्याचा नफा असे उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे धरायचे, पगार तेवढा वगळून. ज्या घरात बाईची सही घ्यायला टाळाटाळ होते, त्या घरातही कर वाचवायला तिचा अर्धा वाटा आठवतो, हे गोव्यातले लेखापाल हसत सांगतात.

सियाब्रांच्या संहितेतली वारसाहक्काची प्रकरणे २०१६ मध्ये गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आली. गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया अधिनियम २०१२ हा त्या वर्षीच्या डिसेंबरात अंमलात आला. पोर्तुगीजमधली कलमे एकशे चाळीसहून जास्त वर्षांनी इथल्या विधिमंडळाच्या शब्दांत उतरली. लग्नातल्या सामाईकीकरणाचे नियम मात्र अजून जुन्या संहितेतच आहेत. म्हणजे विधवेचा अर्धा एका पुस्तकातून निघतो आणि तिचा वारसा दुसऱ्यातून. १३ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने न्या. दीपक गुप्ता यांच्या निवाड्यात ठरवले की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा याच कायद्याने ठरेल. पेडण्याच्या चाकरमान्याने मुंबईत घेतलेली खोली इन्व्हेंटरीच्या यादीबाहेर ठेवण्याची जुनी सवय त्यामुळे अडचणीत आली.

दरम्यान जमिनीची किंमत बदलली. मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून वापरात आला आणि पेडण्याच्या पठारावर, जिथे काजू आणि गवत यांखेरीज फारसे काही नव्हते, तिथे मोजणीचे दांडे दिसू लागले. डिचोलीत लोहखनिजाने आधीच जमिनीला भाव दिला होता. ज्या भाटासाठी सही घ्यायचा कंटाळा केला जाई, तिथे आता सहीची किंमत होती.

२०२२ मध्ये गोव्यात जमीन हडपण्याची प्रकरणे मोठ्या प्रमाणात उघड झाली. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचा मतदारसंघ साखळी, म्हणजे डिचोली तालुक्यातला. जूनमध्ये त्यांच्या सरकारने पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले, आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. प्रकरणांचा मोठा भार बार्देसवर होता. मालक वारलेले किंवा परदेशात स्थायिक झालेले, घर बंद, वारस विखुरलेले. अशा जमिनींचे जुने दस्त बनवून त्यांच्या आधारे विक्री झालेली. काही दस्त पणजीच्या अभिलेखागारातल्या जुन्या वह्यांत घुसडले गेल्याचा आरोप होता आणि तेथील कर्मचाऱ्यांनाही अटक झाली. दियोगु दु कोउतु या इतिहासकाराने १५९५ मध्ये उभे केलेले हे दफ्तर म्हणजे गोव्याच्या मालमत्तेची स्मृती. त्या स्मृतीतच कोणी पाने चिकटवली, तर पूर्वी बायकोची सही खोटी असे, आता तिचा नवरा कधी जिवंत होता आणि त्याने काय विकले हेच खोटे ठरवता येते. जाधव आयोगाने आपला अहवाल २०२३ मध्ये सादर केला.

या प्रकरणांत पोर्तुगीजकालीन कायद्यातला एक उपेक्षित गुण पुन्हा समोर आला. सामाईकीकरणामुळे वारसांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. मुलीला बापाकडून आलेला हिस्सा तिच्या नवऱ्यासोबत सामाईक होतो, म्हणून जावई सही करतो. मुलग्याच्या हिश्श्यासाठी सून करते. तीन भावंडांच्या साध्या विक्रीला आईसकट सात सह्या होतात आणि तीन पिढ्या वाटणी न केलेल्या कुटुंबात ती यादी पानभर जाते. जमीन विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ही डोकेदुखी वाटते. पण बनावट दस्त करणाऱ्याला ती त्याहून मोठी, कारण त्याला एका मयताची नव्हे, हयात असलेल्या डझनभर माणसांची सही खोटी करावी लागते. म्हणूनच बनावट दस्त करणारे बहुधा शोधतात तो मालक अविवाहित किंवा निर्वंश असलेला, किंवा तसा दाखवता येण्याजोगा. निपुत्रिक विधवेचे नाव यादीतून गाळण्यामागे हेच गणित असते.

ज्या विधवेला शंका असते, तिच्यापुढे आजचा रस्ता ठरलेला आहे. लग्नाच्या नोंदीचा दाखला काढायचा. उपनिबंधकाकडे आणि नोटरीकडे नवऱ्याच्या नावाचे दस्त शोधायचे. फॉर्म एक-चौदावर फेरफाराला हरकत घ्यायची. आणि ज्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात कुटुंब राहते तिथे, म्हणजे पेडण्याचे घर असेल तर पेडण्यात, डिचोलीचे असेल तर डिचोलीत, इन्व्हेंटरीचा अर्ज करायचा. तिथे ती शपथ घेऊन मालमत्तेची यादी देते. तक्ता तयार होताना मिळकतीच्या एकूण किमतीखाली रेघ मारून आधी दोनाने भागतात, आणि पहिल्या ओळीत तिचे नाव लिहून झाल्यावर वारसांच्या नावांना सुरुवात होते.